इंग्रजीतलं विसरलेलं क्रियापद ‘विट’ आणि गीतेतलं ‘अहं वेद’

शाईदौत

नमस्कार मंडळी. इंग्रजी दस्तांचं मराठी करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. खरेदीखतं, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं असं काय काय येत असतं. सध्या टेबलावर मुंबईतल्या एका कुटुंबाचं ब्रिटिश काळातलं विश्वस्तपत्र आहे. त्यात एके ठिकाणी ‘माझी सर्व जंगम मालमत्ता’ असं म्हटल्यावर ‘टु विट’ असे दोन शब्द येतात आणि मग यादी सुरू होते: दागिने, चांदीची भांडी, कंपन्यांचे शेअर, पुस्तकांची कपाटं.

मतलब कळतो. पण हा ‘विट’ कोण? हजरजबाबीपणाचा ‘विट’ इथे बसत नाही. शब्दकोशात ‘जाणणे, जुने क्रियापद’ एवढंच दिलंय. ते क्रियापद गेलं कुठे? चालवायचं कसं? आणि आपल्या ‘विद्’शी त्याचं खरोखर नातं आहे, की नुसता कानांना होणारा भास? जाणकारांनी सविस्तर लिहावं. शिवाय मराठीत काय लिहू तेही सांगा. ‘जसे की’, ‘म्हणजेच’, ‘येणेप्रमाणे’ असे तिन्ही पर्याय मनात घोळताहेत.

तिरकीधाव

मला तर घुबडच आठवलं. शेक्सपिअरच्या गाण्यातलं घुबड ‘टु-व्हिट, टु-हू’ असं ओरडतं. म्हणजे ‘जाणायचं, पण कोणाला?’ असं बिचारं रात्रभर विचारत बसतं.

मूळधातू

शाईदौत ताई, भास नाही. नातं आहे, आणि ते ‘विट’ आणि ‘विद्’ सारखे ऐकू येतात एवढ्यावर उभं नाही. जरा लांबण लावतो.

साधारण इ.स. ११०० पूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘विटन’ असं होतं. ‘मी जाणतो’ म्हणजे ‘इच् वाट’, ‘तू जाणतोस’ म्हणजे ‘थू वास्ट’, ‘तो जाणतो’ पुन्हा ‘वाट’, आणि अनेकवचनात ‘विटॉन’. भूतकाळ ‘विस्टे’. आता संस्कृतातली रूपं शेजारी मांडा: अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद, ते विदुः. तिकडे एकवचनात ‘वा’ आणि अनेकवचनात ‘वि’. इकडे एकवचनात ‘वे’ आणि अनेकवचनात ‘वि’. वचन बदललं की स्वर बदलायचा, ही खोड दोन्हीकडे एकाच जागी आहे.

गीतेचा चौथा अध्याय, पाचवा श्लोक बहुतेकांना पाठ असेल: ‘तान्यहं वेद सर्वाणि न त्वं वेत्थ परन्तप’. इथला ‘वेद’ ग्रंथाचं नाव नाही, ते क्रियापद आहे. ते सगळे जन्म मी जाणतो, तू जाणत नाहीस. ह्या ओळीतल्या ‘अहं वेद’च्या जागी ‘इच् वाट’ आणि ‘त्वं वेत्थ’च्या जागी ‘थू वास्ट’ ठेवा. अर्थ जुळतोच, पण क्रियापदाची रूपंही हाडामांसाने तीच आहेत.

आता खरी गंमत. ‘वेद’ हे रूप लिट् लकाराचं, म्हणजे भूतकाळाच्या साच्यातलं आहे. अर्थ मात्र वर्तमानाचा. पाणिनीला ह्या एका धातूसाठी वेगळं सूत्र करावं लागलं: ‘विदो लटो वा’ (३.४.८३). विद् धातूला वर्तमानकाळात लिट्‌चे प्रत्यय विकल्पाने लागतात, म्हणून ‘वेत्ति’ही बरोबर आणि ‘वेद’ही बरोबर. शिवाय लिट् लकारात धातूचं पहिलं अक्षर सहसा दुप्पट होतं: चकार, ददर्श, जगाम. ‘वेद’मध्ये ते होत नाही. ग्रीकमध्ये ‘ओइदा’ म्हणजे ‘मला माहीत आहे’. रूप भूतकाळाच्याच साच्यातलं, आणि तिथेही दुप्पट नाही. जुन्या इंग्रजीतला ‘वाट’ही वर्तमानाचा अर्थ देतो आणि चालतो मात्र भूतकाळासारखा. शब्द उसना घेता येतो. अपवादाला असलेला अपवाद कोणी कोणाकडून उसना घेत नाही. दोन चुलत भावांचा नेमका तोच एक दात वाकडा असावा, तसं हे आहे.

असं का झालं? मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’. ‘मी पाहिलेलं आहे’, म्हणून ‘मला माहीत आहे’. मराठीत आपण ‘कळलं?’ विचारतो आणि समोरचा ‘कळलं’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, स्थिती आत्ताची. लॅटिनमध्ये ‘पाहणे’ हाच अर्थ टिकला, त्यातून व्हिडिओ, व्हिजन, व्ह्यू हे सगळे आले.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. ‘अहं वेद’ मी आजवर ‘मी वेद आहे’ असंच ऐकत आले होते. धन्यवाद मूळधातू.

बालाघाटचा

मग सरळ म्हणा ना, की इंग्रजी संस्कृतातून निघाली! वेद म्हणजे जगातल्या फार जुन्या वाङ्मयांपैकी एक. शब्द तिथला, बाकी सगळ्यांनी उचललेला. आपण हे म्हणायला का बिचकतो?

मूळधातू

बालाघाटचा दादा, बिचकण्याचा प्रश्न नाही. इंग्रजीने ‘वेद’ उचलला असता तर त्यातला ‘द’ शाबूत राहिला असता. पुढे युरोपीय लोक संस्कृत शिकले तेव्हा त्यांनी तो खरंच उचलला, आणि आज इंग्रजीत ‘वेद’ हा शब्द ‘द’सकटच आहे. ‘विट’मध्ये मात्र ‘ट’ आहे, आणि तो नियमाने आलाय. दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ, अद्–ईट. जिथे संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये ‘द’ तिथे इंग्रजीच्या घराण्यात ‘ट’. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम नीट मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला, तोच हा ग्रिम.

दुसरं म्हणजे, ग्रीक ‘ओइदा’त जो ‘ओइ’ आहे तो मुळाच्या जास्त जवळचा. संस्कृतात त्याचा ‘ए’ झाला. जी गोष्ट संस्कृतात बदलून गेली ती ग्रीकमध्ये जुन्या रूपात सापडते, तर ग्रीक संस्कृतातून कशी निघेल? विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या एकाच मुळातून आलेल्या असाव्यात आणि ते मूळ बहुधा आता उरलेलं नाही. संस्कृत आई ठरली नाही म्हणून तिचं मोल कमी होत नाही. पाणिनीने ही खोड अडीच हजार वर्षांच्या आसपास आधी टिपून ठेवली, ह्याचा मला जास्त अभिमान वाटतो.

बालाघाटचा

‘द’चा मुद्दा चांगला आहे, नाकारत नाही. पण ती मूळ भाषा ना कोणी ऐकली, ना कुठे कोरलेली सापडली. न सापडलेल्या भाषेला आई म्हणायचं आणि समोर असलेलीला बहीण, हे मला अजून जड जातं.

कोथरूडची_फ्राऊ

मी पुण्यात जर्मन शिकवते. दर बॅचला एक चूक ठरलेली: ‘तो जाणतो’ म्हणताना मुलं ‘एर वाइस्ट’ लिहितात, कारण बाकी बहुतेक क्रियापदांना तिथे ‘ट’ लागतो. बरोबर रूप ‘एर वाइस’. मी जाणतो: इश वाइस. आम्ही जाणतो: वीर विसन. एकवचनात ‘वाइ’, अनेकवचनात ‘वि’. मूळधातूंनी लिहिलेलं सगळं जर्मनमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. मुलांना मी आता गीतेची ती ओळ फळ्यावर लिहून देणार.

आणि एक सांगते, ही खोड फक्त ‘विट’ची नाही. इंग्रजीत आपण ‘ही गोज’, ‘ही ईट्स’ म्हणतो, पण ‘ही कॅन्स’, ‘ही मेज’, ‘ही शॅल्स’ का म्हणत नाही? शाळेत सांगतात, ‘ती सहायक क्रियापदं आहेत, पाठ करा.’ खरं कारण असं की ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही सगळी ‘वाट’च्याच पंगतीतली आहेत. भूतकाळाच्या रूपाला वर्तमानाचा अर्थ आला, आणि भूतकाळात तृतीयपुरुषी ‘स’ कधी लागतच नव्हता. ‘ही वेंट्स’ कुठे म्हणतो आपण? रोज लाखो मुलं पाठ करतात त्या इंग्रजीच्या नियमामागे हा सगळा इतिहास आहे, आणि वर्गात कोणी तो सांगत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय जर्मनमध्ये ‘विसन’ आणि ‘केनन’ असे दोन शब्द. मराठी मुलांना हा फरक इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा पटकन कळतो, कारण आपल्याकडे तो आहेच. ‘मला पत्ता माहीत आहे’ आणि ‘मी त्याला ओळखतो’. इंग्रजीने दोन्ही एकट्या ‘नो’वर ढकललं.

एडिनबर्गकर

फ्राऊ, तो ‘केनन’ आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे! इथे म्हातारी माणसंच काय, बसमधली शाळकरी पोरंही ‘आय डिने केन’ म्हणतात, म्हणजे ‘मला नाही माहीत’. आणि वाक्याच्या शेवटी नुसतं ‘केन?’ लावतात, आपण ‘कळलं ना?’ लावतो तसं. इथे आलो तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं की केन नावाच्या कोणाशी तरी बोलताहेत.

‘केन’, ‘कॅन’, ‘नो’ तिन्ही आपल्या ‘ज्ञा’चे सोयरे ना? ‘नो’ लिहिताना पुढे जो मुका ‘क’ असतो तो पूर्वी उच्चारत असत, असं वाचलंय.

मूळधातू

अगदी. ‘ज्ञा’ आणि ‘नो’ एकाच मुळाचे. म्हणजे बघा, जुन्या इंग्रजीत जाणण्यासाठी दोन घराणी होती, विद्‌चं आणि ज्ञाचं. दुसरं जिंकलं. मराठीतही तेच झालं! संस्कृतात ‘वेत्ति’ही होतं आणि ‘जानाति’ही. मराठीत क्रियापद म्हणून कोण उरलं? जाणणे. विद् आपल्याकडे विद्या, विद्वान, वेदना, निवेदन, संवेदना, विदित असा नामा-विशेषणांत राहिला. क्रियापद म्हणून चालवता येत नाही. ‘मी वेततो’ कोण म्हणतं? इंग्रजीतही विट, विटनेस, वाइज, विझ्डम, अनविटिंग असे शब्द उरले आणि क्रियापद गेलं.

का गेलं ह्याचं माझं मत असं की रूपं एकमेकांपासून फार लांब गेली. स्टान–स्टोन, हाम–होम ह्या ओघात ‘वाट’चा ‘वॉट’ झाला. मग वर्तमान ‘वॉट’, भूतकाळ ‘विस्ट’, मूळ रूप ‘विट’. तीन रूपं, तीन स्वतंत्र शब्द वाटावेत अशी. शेजारी ‘नो’ सरळ चालणारं. बोलणाऱ्यांनी सोपी वाट धरली.

तिरकीधाव

‘वाट’ची वाट लागली म्हणायची!

मडगांवकार

‘मला नाही माहीत’ला कोंकणीत आम्ही ‘हांव नेणां’ म्हणतो. जाणां आणि नेणां. मराठीत हे राहिलंय का आता?

ओवीवेडा

मडगांवकार, बोलण्यात नाही राहिलं, पण संतवाणीत पावलोपावली आहे. तुकोबांची ओळ बघा: ‘जाणोनि नेणते करी माझे मन’. न आणि जाणणे एकजीव होऊन ‘नेणणे’. ‘जाणता’ आणि ‘नेणता’ तर माझ्या आजीच्या तोंडी होतं. लहान पोराला ती ‘नेणतं लेकरू’ म्हणायची. कोंकणीने क्रियापद राखलं आणि आपण घालवलं, ह्याची मला खंत वाटते. ‘मला माहीत नाही’ अशा तीन तुकड्यांच्या जागी ‘नेणें’ किती आटोपशीर होतं!

मूळधातू, इंग्रजीत असं नकार पोटात घेतलेलं काही होतं का?

मूळधातू

होतं, आणि ह्याच क्रियापदाचं होतं! ‘ने’ म्हणजे ‘न’. ‘ने’ आणि ‘वाट’ मिळून ‘नाट’: मी नेणें. इंग्रज कवी चॉसरच्या काळापर्यंत त्याचा ‘नोट’ झाला होता, ‘ओ’ लांबवून. कँटरबरीच्या यात्रेकरूंची ओळख करून देताना चॉसर व्यापाऱ्याचं सगळं वर्णन करतो: दुभंगलेली दाढी, फ्लेमिश टोपी, कर्ज असून ते कोणाला न कळू देणारा. आणि शेवटी म्हणतो, ‘खरं सांगायचं तर त्याला काय नावाने हाक मारतात ते आय नोट.’ म्हणजे ‘नेणें’. चौदाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. तुमचं ‘नेणें’ आणि चॉसरचं ‘नोट’ वेगवेगळ्या धातूंचे, पण घडण तीच. दोन्ही भाषांनी नकार क्रियापदात मुरवला आणि दोघींनी पुढे सोडून दिला.

नगरकर

नगरच्या मिशनच्या परंपरेत वाढलेला मी, त्यामुळे मला हे क्रियापद अगदी ओळखीचं आहे. आजोबा धर्मोपदेशक होते, त्यांच्याकडे मराठी पवित्र शास्त्राशेजारी १६११ च्या जुन्या इंग्रजी भाषांतराची प्रत असायची. त्यात हे सगळे प्रकार सापडतात.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात राहतो, आईबाप शोधत येतात, तेव्हा तो म्हणतो, ‘विस्ट यी नॉट?’ तुम्हांला ठाऊक नव्हतं का? रानात इस्राएल लोकांच्या पुढे मान्ना पडतो तेव्हा ‘दे विस्ट नॉट’ तो काय आहे. आणि शाईदौत ताईंना हवा तो ‘टु विट’ निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. लहानग्या मोशेला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवलंय आणि त्याची बहीण दूर उभी आहे, ‘टु विट’, त्याचं काय होतं ते जाणून घ्यायला. इथे ‘अर्थात’ नाही, ‘म्हणजे’ नाही. पूर्ण जिवंत क्रियापद आहे, जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या मुलीचं. मला ती जागा नेहमी थांबवते.

आणखी एक वापर पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला: ‘वी डू यू टु विट’. आम्ही तुम्हांस विदित करतो.

वाचनमात्र

नगरकर, मोशेच्या बहिणीचं फार आवडलं.

रंगीतखडू

मग ‘विट’ म्हणजे विनोद हे कुठून आलं? जाणण्यावरून हसण्यावर गाडी कशी गेली?

मूळधातू

नाम म्हणून आधी ‘मन, बुद्धी’. मग ‘फाइव्ह विट्स’ म्हणजे मनाच्या पाच शक्ती किंवा पंचेंद्रियं. ‘विट्स एंड’ म्हणजे अक्कल संपली. पुढे तल्लख बुद्धी, आणि सतराव्या-अठराव्या शतकात शब्दांनी चमकणारी तल्लख बुद्धी. हॅम्लेट नाटकात पोलोनियस म्हणतो की थोडक्यात बोलणं हा ‘विट’चा आत्मा आहे. आज ते वाक्य विनोदाबद्दल म्हणून छापतात. त्याला शहाणपण म्हणायचं होतं.

‘इनविट’ असाही शब्द होता: आतलं जाणणं, म्हणजे सदसद्विवेक. केंटमधल्या एका भिक्षूने, डॅन मायकेलने, १३४० मध्ये एक धर्मग्रंथ इंग्रजीत आणला, त्याचं नाव ‘अयेनबाइट ऑफ इनविट’. अयेनबाइट म्हणजे परत परत चावणं. मनाची टोचणी! लॅटिनमधून फ्रेंचवाटे आलेल्या ‘कॉन्शन्स’ने ह्या शब्दाला हुसकावलं. दोन्हींचा अर्थ ‘जाणणं’वरच उभा आहे, पण ‘इनविट’ कोणा शेतकऱ्यालाही फोड न करता कळला असता. मला हा शब्द गेल्याचं दुःख क्रियापद गेल्यापेक्षा जास्त आहे.

ओवीवेडा

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘वेद प्रतिपाद्या’ आणि ‘स्वसंवेद्या’ असे विद्‌चे दोन शब्द आहेत. ज्याला स्वतःलाच जाणता येतं तो स्वसंवेद्य. माउलींचं ‘स्वसंवेद्य’ आणि त्या भिक्षूचं ‘इनविट’ शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

अवांतर: गोविंदातला ‘विंद’ हाच विद् का?

मूळधातू

तो ‘विन्दति’वाला, मिळवणे ह्या अर्थाचा. संस्कृत वैयाकरण विद् चार वेगळे मानतात. त्यांचा एक श्लोकच आहे: ‘सत्तायां विद्यते ज्ञाने वेत्ति विन्ते विचारणे’, आणि प्राप्तीच्या अर्थी विन्दति. असणे, जाणणे, विचार करणे, मिळवणे. पाहिलं की सापडतं, सापडलं की असतं, त्यामुळे मुळात हे जवळचेच असावेत असं मानलं जातं.

बालाघाटचा

मग ‘ट्विटर’ पण यातलंच? टु विट, ट्विट...

मूळधातू

नाही दादा, ट्विटर हा पाखरांच्या चिवचिवाटाचा शब्द. पण ‘ट्विट’ म्हणजे टोमणा मारणे हे क्रियापद आहे ना, ते ह्याच घरातलं! जुन्या इंग्रजीत ‘ऍटवीटन’ म्हणजे दोष देणे. त्यातलं ‘वीटन’ मुळात नजर ठेवण्याच्या अर्थाचं. कोणाकडे रोखून पाहिलं की पुढे दोष देणं आलंच. सुरुवातीचा ‘ऍ’ गळाला आणि ‘ट्विट’ राहिला.

आणि उलटही घडलंय. ‘आय विस’ म्हणजे ‘मी जाणतो’ असं जुन्या धाटणीच्या कवितांत दिसतं. मेकॉलेने, तोच आपल्या शिक्षणाच्या टिपणाचा मेकॉले, १८४२ मध्ये रोमन पोवाडे लिहिले त्यातही आहे. पण असं क्रियापद कधी नव्हतंच! ‘इविस’ म्हणजे ‘खात्रीने’ हे एक क्रियाविशेषण होतं, जर्मन ‘गेविस’चं भावंड. जुनी पोथी वाचताना लोकांनी पहिला ‘इ’ तोडून ‘आय’ केला आणि उरलेल्याचं क्रियापद.

मोडीचा_मित्र

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाकडे वळतो. पेशवाईतल्या पत्रांत ‘लिहिलें तें विदित जाहलें’ अशा धर्तीचे मजकूर सतत भेटतात. तो ‘विदित’ आणि हा ‘विट’ एकच म्हणायचे तर! पण यादीच्या आधी आपले कारकून ‘विदित’ घालत नसत. तिथे ‘बितपशील’ किंवा ‘येणेंप्रमाणें’. ताई, दस्त जुना आहे, तर ‘बितपशील’ शोभून दिसेल.

सनदी_वकील

शोभेल, पण आजच्या निबंधकाला कळेल का हो? मी दिवाणी कामं करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

‘टु विट’ हे इंग्लंडच्या कोर्टातलं जुनं वळण. तिथे कोर्टात बराच काळ फ्रेंच चालायची, आणि फ्रेंचमध्ये ‘आ साव्हुआर’, जाणण्यासाठी, असं म्हणत. फ्रेंच माणूस आजही ‘म्हणजे पुढीलप्रमाणे’ ह्या अर्थी तेच म्हणतो. त्याचं इंग्रजी केलं ‘दॅट इज टु विट’, आणि झिजून ‘टु विट’. जुनी आरोपपत्रं परगण्याच्या नावाने सुरू होत: ‘मिडलसेक्स, टु विट’.

आपल्या सरकारी पत्रांत रोज दिसणारं ‘व्हिझ’ घ्या. ते लॅटिन ‘विदेलिसेत’चं संक्षिप्त रूप, म्हणजे ‘पाहता येईल’. मूळधातूंच्या हिशेबाने तोही विद्! त्यातला शेवटचा ‘झ’ अक्षर नाहीच, मध्ययुगातल्या लेखनिकांची शब्द तोडल्याची खूण आहे. म्हणजे ‘टु विट’ आणि ‘व्हिझ’ एकाच धातूचे, एकाच कामाचे, दोन वाटांनी आलेले.

आता ताई, कामाचं. ‘जसे की’ लिहू नका. हे आवर्जून सांगतो. ‘जसे की’ किंवा ‘उदाहरणार्थ’ म्हटलं की यादी नमुन्यादाखल ठरते, आणि यादीत नसलेली वस्तूही आत येऊ शकते. ‘टु विट’ने मात्र वर जे मोघम म्हटलं ते नेमकं काय, हे सांगितलं जातं, साधारणपणे यादीबाहेरचं बाहेरच धरतात. उद्या वारसांत वाद झाला आणि यादीत नसलेलं काही निघालं, एखादं बँकेतलं खातं समजा, तर भाषांतरातल्या ह्या दोन शब्दांवर दोन दिवस युक्तिवाद चालेल. ‘इत्यादी’, ‘वगैरे’ही नको. मूळ दस्तात ते नसेल तर तुम्ही घालायचं नाही.

कोथरूडची_फ्राऊ

वकीलसाहेब, मग ‘अर्थात’?

सनदी_वकील

फ्राऊ, ‘अर्थात’ला मराठीत आता ‘अर्थातच, उघड आहे’ असा दुसरा वास लागलाय. कराराच्या मजकुरात दोन अर्थ निघतील असा शब्द मी टाळतो. एकाच गोष्टीचा खुलासा असेल तर ‘म्हणजेच’. खाली यादी असेल तर ‘ती येणेप्रमाणे’.

मोडीचा_मित्र

‘येणेप्रमाणे’ला माझंही अनुमोदन. मोडीतही तेच आहे, आणि आजच्या सातबाऱ्याच्या माणसालाही कळतं.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार. नगरकर, मोशेच्या बहिणीची जागा मी काल रात्री काढून वाचली. मूळधातू, ‘विदो लटो वा’ माझ्या भाच्याला संस्कृतच्या अभ्यासाला दिलंय; त्याला ‘ही कॅन्स’चं उत्तर मिळाल्यावर तो थेट इंग्रजीच्या बाईंना सांगायला गेला.

वकीलसाहेब, मूळ दस्त पुन्हा नीट वाचला. यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ला जुळणारं काहीही नाही. पुस्तकांच्या कपाटांनंतर पूर्णविराम आहे. मसुद्यात आता असं लिहिलंय: ‘माझी सर्व जंगम मालमत्ता, ती येणेप्रमाणे:’ आणि खाली क्रमवार यादी.

पण ह्याच दस्तात पुढे आणखी एका जागी ‘टु विट’ आहे: ‘माझा ज्येष्ठ पुत्र, टु विट’ आणि पुढे एकच नाव. तिथे ‘म्हणजेच’ घालते. मोडीचा मित्र, ह्या विश्वस्तपत्राला जोडलेली एक मोडी याददाश्त आहे, पहिल्या ओळीतला एक शब्द लागत नाही. पक्षकारांची परवानगी घेऊन तेवढ्या शब्दाचा फोटो तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मोडीचा_मित्र

जरूर करा. शब्दाच्या आजूबाजूच्या दोन ओळीही घ्या, नुसत्या एका शब्दावरून मोडी लावणं कठीण जातं.